गाडी 'हाकणे' की 'चालवणे'?

धागालेखक:
मोटारीसाठी 'चालवणे' मला अपुरा वाटतो. 'चालणे'चं हे प्रयोजक रूप, अर्थ एवढाच की चालायला लावणे. दुकान चालवतात, शाळा चालवतात, कोयताही चालवतात. दिशा देणं त्यात कुठेच नाही. 'हाकणे'त पुढे घालणं आणि वाटेवर ठेवणं दोन्ही आहे. इंग्रजी 'ड्राइव्ह'सुद्धा मूळचा गुरं हाकण्याचाच शब्द. त्यांनी तो मोटारीपर्यंत आणला, आपण बैलगाडीपाशीच का सोडला?

कासरा:
काम बदललं म्हणून सोडला. 'हाकणे' आणि 'हाक' एकाच मुळाचे, आणि हाक ऐकायला समोर जीव लागतो. गाडीवान कासरा ओढतो तेव्हा बैलाची मान वळते, पाऊल बैलच टाकतो. गाडीवान पेंगला तरी सवयीच्या वाटेने बैल घरी येतात. मोटारीत पहिला गिअर टाकून क्लच झटक्यात सोडून बघा. इंजिन फिरतंय, चाकं जागेवर, दोघांचा मेळ बसत नाही आणि गचका देऊन इंजिन बंद पडतं. क्लच अर्ध्यावर धरून, किंचित रेस देत तिला चालती करावी लागते. शब्दशः चालवणे!

धागालेखक:
जीव लागतो, तर 'कारभार हाकणे' कसं? 'जहाज हाकारणे' कसं? आणि बहुतेक ऑटोमॅटिक गाड्या 'डी'मध्ये ब्रेक सोडताच सपाट रस्त्यावर आपसूक सरकतात. तिथे उरतं ते आवरणं नि वळवणं, म्हणजे गाडीवानाचंच काम.

उगम:
दिशाच हवी तर 'सारथी' घ्या. मूळ 'सरथ', एकाच रथावर बरोबर असणारा. कठोपनिषदातल्या रूपकात बुद्धी सारथी आणि मन लगाम आहे.

कासरा:
पण त्याच रूपकात रथी वेगळा आहे, आत्मा. सारथी दुसऱ्यासाठी रथ हाकतो. एकटाच स्वतःची गाडी घेऊन निघालेला माणूस सारथी कुणाचा?

उगम:
इतकं काटेकोर मूळ धरलं तर काहीच टिकणार नाही. 'शोफर' म्हणजे फ्रेंचमध्ये तापवणारा, वाफेच्या इंजिनाचा भट्टीवाला. भट्टी गेली, शब्द राहिला. बसचा 'वाहक' घ्या, वाहून नेते बस, तो तिकिटं देतो.

धागालेखक:
मग 'हाक'मुळे 'हाकणे' बाद कसा?

कासरा:
मुळामुळे नाही, आजच्या छटेमुळे. 'मोटार हाकली' म्हटलं की बेफिकिरी ऐकू येते, 'दामटली', 'पिटाळली' यांच्या पंगतीतली. 'चालवली'त ती येत नाही. दिशेसाठी 'वळवणे' आहेच.