मदत हवी आहे: मोबाइलवरून वृक्षगणना सुरू केली, पण माणसं टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळाची यंदाची सचिव. मंडळाचं काम मागच्या काही वर्षांत भित्तिपत्रक आणि एखादं वृक्षारोपण एवढ्यावरच आलं होतं. म्हणून यंदा आवारातल्या प्रत्येक झाडाची नोंद करायची आणि तीही मोबाइलवर, असं ठरवलं. आवाराच्या मागच्या भागात नेटवर्क मिळत नाही, त्यामुळे कोबो टूलबॉक्स हे मोबाइलवर फॉर्म भरून माहिती गोळा करायचं साधन निवडलं. त्याचं अ‍ॅप नेट नसतानाही नोंद फोनमध्ये साठवतं आणि नंतर पाठवता येते. फॉर्ममध्ये नाव, खोडाचा घेर, फोटो, जीपीएस, कीड, ढोली, घरटी असे मिळून ३१ प्रश्न घातले. सगळंच महत्त्वाचं वाटत होतं.

पहिल्या रविवारी ४० जण आले. चौथ्या रविवारी सात.

परवा डेटा एक्सेलमध्ये उघडला आणि पोटात गोळाच आला. 'वड', 'वडाचं झाड', 'वड ' (शेवटी एक स्पेस) आणि 'मोठा वड' अशा चार वेगवेगळ्या नोंदी. ग्रंथालयाजवळच्या एकाच झाडाचा घेर एका गटाने १३२ लिहिलाय, दुसऱ्याने ४२. काही झाडं दोनदा आलीत, काही नकाशावर थेट रस्त्याच्या मधोमध दिसतात. त्यात फॉर्म ज्या सीनियरच्या खात्यावर आहे तो या वर्षी बाहेर पडतोय.

मला हे काम मनापासून पुढे न्यायचंय. पहिल्या वर्षाची एक मुलगी तीन रविवार न चुकता आली, चौथ्या वेळी तिने विचारलं, "ताई, आपण भरतो त्याचं पुढे काय होतं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तीही आलेली नाही.

फॉर्म कसा सुधारू? आणि माणसं कशी टिकवू?

प्रतिसाद १

आधी ४२ आणि १३२ चं बघू. ४२ ला ३.१४ ने गुणा, जवळजवळ १३२ येतात. म्हणजे दोन्ही गटांनी नीटच मोजलंय, फक्त एकाने घेर लिहिला आणि दुसऱ्याने भागाकार करून व्यास. चूक मुलांची नाही, प्रश्नाची आहे. 'खोडाची जाडी' असं काहीतरी विचारलं असणार. त्याऐवजी लिहा: 'जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर टेप खोडाभोवती गुंडाळा, सेंटिमीटरमध्ये आकडा लिहा.' उंची ठरलेली नसेल तर पुढच्या वर्षी तुलनाच करता येणार नाही. शिवाय प्रश्नाला कमाल-किमान मर्यादा घाला, म्हणजे १३२ च्या जागी चुकून १३२० टाइप झालं तर अ‍ॅप पुढे जाऊ देणार नाही.

झाडाचं नाव टाइप करायला लावूच नका. यादीतून निवडू द्या आणि शेवटी 'इतर' ठेवा. एक्सेलमधून फॉर्म बनवत असाल तर पर्यायांच्या शीटमध्ये चित्राचा कॉलम देता येतो. प्रत्येक नावाशेजारी पानाचा फोटो लावा. चित्रं फॉर्मसोबतच फोनमध्ये उतरतात, त्यामुळे नेट नसलं तरी दिसतात. ज्यांना झाडं ओळखता येत नाहीत ती मुलं यातूनच शिकतात, आणि तुमचं मंडळ खरं तर त्यासाठीच आहे ना?

जीपीएस: दाट झाडाखाली आणि इमारतीला लागून अचूकता घसरते. जागा किती मीटरने चुकू शकते तो आकडा स्क्रीनवर दिसतो, तो खाली यायची वाट बघायची. घाईत ३० मीटरवर नोंद ठेवली तर झाड रस्त्यावर जाणारच. दोनदा नोंद टाळायला मात्र जीपीएसवर अवलंबून राहू नका. प्रत्येक झाडाला क्रमांकाची पट्टी बांधा, जमलं तर क्यूआर कोडची. फॉर्ममध्ये स्कॅन करायचा प्रश्न घालता येतो. पट्टी दोरीने सैल बांधा, खिळा ठोकू नका.

आणखी एक. चालू फॉर्ममध्ये प्रश्नाचा मजकूर खुशाल बदला, पण त्याचं आतलं नाव (डेटात कॉलमला लागतं ते) बदलू नका. ते बदललं की डेटात वेगळा कॉलम तयार होतो आणि जुनं-नवं जुळवत बसावं लागतं.

प्रतिसाद २

सीनियर जायच्या आत मंडळाच्या नावाने ईमेल काढा, त्यावर कोबोचं खातं उघडा आणि फॉर्म तिकडे न्या. फॉर्म एक्सेलमध्ये उतरवता येतो, डेटाही. बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या खात्यावर परवानग्या द्या: कोणी फक्त बघेल, कोणी दुरुस्त करेल. एकच पासवर्ड सगळ्यांत फिरवू नका. आणि रविवारी घरी जाण्याआधी सगळ्यांकडून न पाठवलेल्या नोंदी पाठवून घ्या. आमच्याकडे एकाने फोन रीसेट केला आणि त्याची अख्ख्या दिवसाची मेहनत गेली.

प्रतिसाद ३

३१ प्रश्न फार झाले. आठ ठेवा. घरटी, ढोली वगैरे त्यांना, ज्यांना त्यात रस आहे. 'झाडावर कीड दिसते का?' याला 'हो' आलं तरच पुढचे तीन प्रश्न उघडतील अशी अट लावता येते.

पण त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर फॉर्म लहान करून मिळणार नाही. नोंदी झाल्या की त्याच दिवशी, निघण्यापूर्वी, सगळ्यांना बसवून कोबोतला नकाशा उघडून दाखवा. आपण मोजलेलं झाड नकाशावर ठिपका होऊन आलेलं बघताना मुलांचे चेहरे बघा. पुढच्या रविवारी कुठे जायचं हेही त्या नकाशावरची रिकामी जागा बघून त्यांनाच ठरवू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. प्रश्न तपासला, खरंच 'खोडाची जाडी' असंच लिहिलं होतं. दुरुस्त केलं. प्रश्न ३१ वरून नऊवर आणले. फोटोचा काढवेना, तो नववा. खात्याचं काम आज सीनियरसोबत बसून करतेय.

एक शंका राहिली. पुढच्या वर्षीची मुलं पट्टीवरचा क्रमांक टाकतील तेव्हा त्या झाडाचा या वर्षीचा घेर त्यांना तिथेच दिसला तर फार बरं होईल. असं करता येतं का?

प्रतिसाद १

येतं. या वर्षीच्या नोंदींची सीएसव्ही फाइल (एक्सेलमधून काढता येणारा साधा तक्ता) फॉर्मला जोडा आणि 'पुलडेटा' हे फंक्शन वापरा. क्रमांक टाकला की त्या ओळीतला घेर उचलून स्क्रीनवर येतो, नेट नसलं तरी. फक्त नवा आकडा भरून झाल्यावरच जुना दिसेल अशी अट घाला, नाहीतर मुलं जुनाच आकडा उतरवतील. आणि त्याखाली एक ओळ वाढवा: 'गेल्या वर्षीपासून इतके सेंटिमीटर वाढ.' वजाबाकी अ‍ॅपच करतं.

धागाकर्ती

हे त्या पहिल्या वर्षाच्या मुलीला आत्ताच कळवते. सीएसव्ही तयार करायचं काम तिलाच देईन, ती हो म्हणाली तर.