स्त्रीपार्टी नटांना ड्रॅगच्या इतिहासात जागा आहे का?

पिंपळपान :
ड्रॅग कलाकारांच्या, म्हणजे बहुधा स्त्रीचा भडक वेश करून रंगमंचावर येणाऱ्या कलाकारांच्या, इतिहासावर आमच्या वाचनमंडळात मला बोलायचे आहे आणि त्यात मराठी संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नटांचा, म्हणजे स्त्रियांच्या भूमिका करणाऱ्या पुरुषांचा, उल्लेख करावा, असा माझा विचार आहे. मात्र बालगंधर्वांचे नाव या संदर्भात घेणे हाच त्यांचा अवमान आहे, असे घरातील ज्येष्ठांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

तिसरी घंटा :
अवमान मुळीच नाही, परंतु एक भेद ध्यानात ठेवावा. ड्रॅगमध्ये वेषांतर उघड असते आणि प्रेक्षक त्या अतिशयोक्तीचीच मजा लुटतो; स्त्रीपार्टाची कसोटी मात्र समोर पुरुष आहे याचा विसर पाडण्यात होती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, शकुंतला झाले, आणि पुढे १९११ च्या ‘मानापमाना’तील भामिनी व १९१६ च्या ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी या भूमिकांनी त्यांनी असा काही पगडा बसवला की प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांचे नेसणे, दागिने आणि केसांतील फुलांची मांडणी पाहून आपला साजशृंगार ठरवू लागल्या. ज्या काळात घरंदाज स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे निषिद्ध होते, त्याच काळात तिने कसे दिसावे याचा आदर्श एका पुरुषाने घालून द्यावा, ही विसंगती मला आजही थक्क करते.

ढोलकीचा ताल :
वरील प्रतिसाद मान्य आहे, तरी त्यात तमाशातील नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष कलाकार, राहून गेला. शालू नेसलेल्या बालगंधर्वांना टिळक स्वराज्य फंडासाठी १९२१ मध्ये झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त गायक-नट केशवराव भोसल्यांसमोर उभे करून डोक्यावर घेणारा आपला समाज नाच्याच्या हावभावांना हसला आणि ते हसू त्या कलाकाराच्या खासगी आयुष्यापर्यंत नेत राहिला. चित्रपटांत ही भूमिका अजरामर करणाऱ्या गणपत पाटलांवर बसलेला शिक्का अखेरपर्यंत पुसला गेला नाही. आपल्या भाषणात गौरव करायचाच असेल, तर तो दोघांचाही व्हावा.

जुने रीळ :
चित्रपटाची एक जोड देतो. दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा एका खाणावळीत काम करणारे साळुंके ती भूमिका करण्यास तयार झाले, १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता दोन्ही तेच होते! रंगभूमीवर ही प्रथा मागे पडण्याच्या प्रवासात १९३३ चे ‘आंधळ्यांची शाळा’ हा ठळक टप्पा मानला जातो, कारण त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. बालगंधर्व त्यानंतरही बरीच वर्षे लुगडे नेसून उभे राहत होते.