गॅलिलिओचे उपग्रह: एका खेपेत चार की दोन?

नभोगामी
युरोपच्या गॅलिलिओ या दिशादर्शन यंत्रणेसाठी एरियन 5 ईएस या अग्निबाणाने 2016, 2017 आणि 2018 मध्ये तीन खेपांत बारा उपग्रह वर नेले. रशियाचा अग्निबाण सोयुझ दर वेळी दोनच नेत असे. माझं मत सरळ आहे: नवी यंत्रणा उभी करायची तर चार नेणाराच अग्निबाण हवा. प्रतलं (कक्षा ज्या सपाटीत असते ती) तीन, विषुववृत्ताशी कल 56 अंश, प्रत्येकात आठ जागा. दोन खेपांत एक प्रतल भरतं. उपग्रह कक्षेच्या 300 किमी खाली सोडला की रोज नऊएक अंश पुढे सरकतो. 45 अंशांवरची जागा पाच दिवसांत गाठतो. इंधनही फार जात नाही.

त्रिज्या
आणि पहिली भरती संपल्यावर? एक उपग्रह या प्रतलात बंद पडला, दुसरा त्या प्रतलात, तर चारची खेप कुठे पाठवणार? दोन प्रतलांचे पातबिंदू (कक्षा विषुववृत्त ओलांडते ती जागा) 120 अंशांवर असले तरी प्रतलांमधला कोन 92 अंशांच्या आसपास येतो. तिथे वेग 3.67 किमी प्रतिसेकंद, आणि प्रतल बदलायला वेगात जवळपास 5.3चा बदल लागतो. विसरा. शिवाय 22 ऑगस्ट 2014 आठवा. दोन उपग्रह भलत्याच कक्षेत गेले. चार असते तर?

नभोगामी
अहो, ते उड्डाण सोयुझचंच होतं! वरच्या फ्रेगात टप्प्यात हायड्रॅझिन या इंधनाची नळी गार हेलियमच्या नळीला एकाच आधारावर बांधलेली. दोन प्रज्वलनांमधल्या लांब प्रवासात हायड्रॅझिन गोठलं, दिशा सांभाळणारे थ्रस्टर बंद पडले आणि दुसरं प्रज्वलन वाकड्या दिशेला झालं. उड्डाणं दुप्पट केलीत की असल्या संधीही दुप्पट.

बूस्टर
तुम्ही दोघं आकड्यावर भांडताय, पण निवड ठरते वरच्या टप्प्यावर. गॅलिलिओच्या उपग्रहाला कक्षा उंचावणारं मोठं इंजिन नाही, म्हणून अग्निबाणालाच तीनेक तास तरंगून पुन्हा पेटावं लागतं. एरियन 5 च्याच ईसीए या प्रकाराचं एचएम 7बी इंजिन अंतराळात पुन्हा पेटत नसे. म्हणून ताकद कमी असूनही एस्टस इंजिनाचा ईएस घेतला.
प्रतल निवडणं तर जमिनीवर फुकटात होतं. आठ तास थांबा, पृथ्वी फिरून पुढचं प्रतल डोक्यावर आणते. एक मिनिट चुकलं तर मात्र पातबिंदू पाव अंश सरकतो; वर त्याची भरपाई करायला वेगात सुमारे 13 मीटर प्रतिसेकंदाचा बदल लागतो.

त्रिज्या
मान्य, पण मग उपलब्धता मोजा. 2022 मध्ये कुरू या युरोपच्या प्रक्षेपण तळावरून सोयुझची उड्डाणं बंद झाली आणि तयार उपग्रह गोदामात बसले. 2024 मध्ये दोन जोड्या फाल्कन 9 या अमेरिकी अग्निबाणावर गेल्या, एप्रिलमध्ये तर पहिला टप्पाही परत आणता आला नाही. जोडी असली की अग्निबाण बदलता येतो. चार उपग्रह धरणारी चौकट एकाच अग्निबाणाला बांधलेली.

दक्षिणायन
आपल्या नाविक या भारतीय दिशादर्शन यंत्रणेने उलटी वाट धरली: एका खेपेत एक, आणि इंजिन उपग्रहातच. पीएसएलव्ही या अग्निबाणाला सुमारे 1,425 किलोचा उपग्रह झेपत होता. पण जानेवारी 2025 मध्ये जीएसएलव्ही या मोठ्या अग्निबाणाने नाविकचा एनव्हीएस-02 नीट सोडला, तरी उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जाळणारा पदार्थ) पुरवणारी झडप उघडली नाही आणि तो लंबवर्तुळाकार कक्षेतच अडकला.

नभोगामी
म्हणजे पुन्हा पेटणारा वरचा टप्पा, हे बूस्टर म्हणतात तेच. पण मग तो चार उपग्रहांनी भरून का नेऊ नये, हे त्रिज्यांनी अजून सांगितलेलं नाही.

त्रिज्या
पहिल्या भरतीसाठी खुशाल भरा. बदलीचे उपग्रह जोडीनेच.