मीडियम वेव्हवरची मॅच: तुमच्या घरी कुठून ऐकू यायची?

जुनं घर रिकामं करताना माळ्यावर आजोबांचा मर्फी रेडिओ सापडला. काचेवर सुईच्या एका जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे. आत्याला विचारलं तर म्हणाली, "ते पुणे केंद्र. मॅच असली की सुई तिथनं हलवायची नाही, असा हुकूम होता." ठिपका ७९२ किलोहर्ट्झवर आहे.

म्हणून हा धागा. बॉबी तल्यारखान यांनी १९३४ साली मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांचं रेडिओवर समालोचन केलं, तिथून आपल्याकडे हे सुरू झालं. बॉबी दिवसभर एकटे बोलायचे, माइक दुसऱ्याला द्यायला तयार नसत. पण तो इतिहास झाला. मला तुमच्या घरातलं हवंय. रेडिओ कुठे असायचा, कोण ऐकायचं, काय ऐकू यायचं नाही?

मिरजेहून
काय ऐकू यायचं नाही, यावर पुस्तक होईल. आमचं घर रस्त्याला लागून. समोरून लूना गेली की रेडिओत नुसती खरखर. गावसकर ८० वर, "और ये हवा में..." आणि लूना! आवाज परत आला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या चौकाराच्या की आउट होऊन परततोय म्हणून, हे कळायला पुढचा चेंडू पडावा लागला. (चौकार होता. काकांनी तरीही लूनावाल्याला शिव्या घातल्या.) शेजारच्या वहिनींना मॅचच्या दिवशी मिक्सर लावायची बंदी होती, आणि त्या ती पाळायच्याही.

नागपूरकर
आमचं केंद्र ५८५ वर. कॉलेजसमोरच्या पानठेल्यावर पाटी असे, खडूनं स्कोअर लिहिलेला. पानवाला एका हातानं चुना लावी, दुसऱ्या हातानं आकडा पुसे, त्यामुळे पाटीवर कायम कात्थ्याची बोटं. आम्ही लेक्चर सुटलं की आधी पाटी पाहायचो न भाऊ, मग चहा.

आईबद्दल लिहिते
आमच्याकडे रेडिओ फडताळात, डब्यांच्या शेजारी. समालोचन आळीपाळीनं हिंदी-इंग्रजी असायचं. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिनं त्याचंच वेळापत्रक केलं होतं: इंग्रजी लागलं की कुकर लावायचा, कणीक मळायची, हिंदीतले सुशील दोशी आले की पिठाचे हात तसेच ठेवून आवाज मोठा करायचा. बटणावर कायम पीठ. पण इंग्रजी चालू असतानाही मैदानावरच्या गलक्यावरून ती अचूक सांगायची, "गेला कोणीतरी, आपला नाही." कसं कळतं विचारलं तर म्हणे, "आपला गेला की आधी क्षणभर गप्प होतात." मैदानात ती एकदाही गेली नाही. सिली पॉइंट म्हणजे कुठे, हे मात्र तिनं मला पोळपाटावर लाटणं ठेवून दाखवलं होतं.

साताऱ्याकडचा, वय ७०+
२४ ऑगस्ट १९७१. गणेश चतुर्थी. लंडनच्या ओव्हलवर भारताला जिंकायला १७३ हवे होते. आदल्या दिवशी चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा काढून इंग्लंडला १०१ मध्ये गुंडाळलं होतं. आमच्याकडे संध्याकाळच्या आरतीला माणसं उभी आणि वडील रेडिओला कान लावून. आबिद अलीनं चौकार मारला आणि वडिलांनी घंटा हातात घेतली ती थांबवेचनात. आजी म्हणाली, "अरे, आधी गणपती तरी म्हणा!"

मिरजेहून
काका, ओव्हलची मॅच म्हणजे बीबीसी, शॉर्ट वेव्ह. धागा मीडियम वेव्हचा आहे :)

साताऱ्याकडचा
बँड कुठला ते वडिलांना विचारायला हवं होतं. घंटा मात्र अजून आहे.

पुण्यातून
बाळ ज. पंडितांचं नाव अजून कोणी घेतलं नाही? मराठीतून क्रिकेट ऐकायचं म्हणजे तेच. पायचीत, धावचीत, यष्टिरक्षक हे शब्द पेपरात छापलेले वाचले की कृत्रिम वाटतात असं लोक म्हणतात. आम्ही ते आधी कानानं ऐकले, म्हणून कधी वाटले नाहीत. गल्लीतही आम्ही 'पायचीत!' असंच ओरडायचो, आणि बॅटिंगवाला 'नाही!' असंच ओरडायचा.

रेडिओ दुरुस्तीवाला (निवृत्त)
मॅच आली की दुकानात रांग. निम्म्या रेडिओंना काही झालेलंच नसे, सेल उतरलेले. लोक ते उन्हात वाळवून आणायचे, तासभर चालायचेही. दुसरी तक्रार, "टेबलावर वाजत नाही, खिडकीत वाजतो." अहो, आत फेराइटची कांडी असते, तोच मीडियम वेव्हचा एरियल. केंद्राच्या दिशेला तिची बाजू आली पाहिजे, टोक नाही. रेडिओ पाव वळण फिरवा, झालं. याचे मी कधी पैसे घेतले नाहीत, कारण गिऱ्हाईक घरी जाऊन परत चुकीचाच ठेवणार आणि परत येणार. आणि लूनाचं म्हणाल तर प्लगची ठिणगी. मीडियम वेव्ह म्हणजे एएम, त्यात आवाज लहरीच्या उंचीत असतो, ठिणगी त्याच उंचीत भर घालते. एफएमला तो त्रास फारसा नाही.

धागाकर्त्यांना एक सांगतो. मर्फी व्हॉल्व्हचा (आत काचेच्या नळ्या असलेला) असेल तर हौसेनं प्लग लावू नका. इतक्या वर्षांत कपॅसिटर गेलेले असतात, धूर निघेल. आधी कोणा जाणत्याला दाखवा. आणि काच पुसताना स्पिरिट वापरू नका, ठिपका जाईल.