गाण्यांच्या जन्मकथांचा कार्यक्रम करायचाय, गाणी सुचवा

माचीवरचा:
मंडळी, साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयात कोजागिरीला दीड तासाचा कार्यक्रम ठरतोय. गाणं ऐकवायचं आणि ते का जन्मलं, लोकांपर्यंत पहिल्यांदा कसं पोचलं ते सांगायचं. नाट्यपद, लावणी, शाहिरी, सिनेमा, सगळं हवं. समोर आजीआजोबा असतील आणि कॉलेजची पोरंही. 'बुगडी माझी सांडली गं' घेतलंच आहे, साताऱ्याचं नाव असल्यावर सोडवत नाही. बाकी काय घेऊ?

औंधची_लेक:
बुगडी हवीच. 1959 चा 'सांगत्ये ऐका', संगीत वसंत पवारांचं, आवाज सांगलीत जन्मलेल्या आशाबाईंचा. पुण्यात विजयानंदला सिनेमा 131 आठवडे चालला. पण शब्द कोणाचे ते जरूर सांगा, कारण तिथूनच पुढची वाट फुटते. शब्द गदिमांचे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांचे. जन्म शेटफळ्याचा, गाव माडगूळ, शिक्षण आमच्या औंधात.

तेव्हा बुगडीनंतर थेट गीतरामायण घ्या दादा. 1 एप्रिल 1955, रामनवमी, पुणे आकाशवाणी. तिथल्या सीताकांत लाडांची कल्पना अशी की वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत. ठरली होती 52, त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून 56 झाली. दर आठवड्याला गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल लावायची, गायकाकडून बसवून घ्यायचं, आणि प्रक्षेपणाची वेळ काही थांबत नाही! रामाची गाणी स्वतः बाबूजी गायले, सीतेची माणिक वर्मांनी गायली. हा धाक सांगितलात की पोरंसुद्धा कान टवकारतील, पुढच्या भागाची वाट बघणं त्यांना नवीन नाही. ऐकवायला पहिलंच घ्या, 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'. लावणी लिहिणारा आणि हे लिहिणारा हात एकच, हे लोकांना शेजारी शेजारी ऐकू द्या. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमाचा कणा हाच.

मिरज_जंक्शन:
नाट्यपदासाठी 'शारदा' हे संगीत नाटक, 1899. लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे. म्हाताऱ्या नवऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावण्याच्या प्रथेवर नाटक उभं आहे, ते आधी सांगा आणि मग 'मूर्तिमंत भीती उभी' लावा. पद वेगळंच ऐकू येतं.
आणि किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांना विसरू नका. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात 'जमुना के तीर'ची भैरवी! मिरजेच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसात अजून गाणं होतं.
'पिंजरा'चे (1972) संगीतकार राम कदमही मिरजेचेच. वेळ उरला तर.

डफ_तुणतुणं:
शाहिरीला अण्णा भाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली', दुसरं काही शोधू नका. वाटेगावचा माणूस मुंबईत गिरणगावात गेला, 1944 ला शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. ही छक्कड (लावणीचाच एक प्रकार) संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली.
एक कळकळीची विनंती. बहुतेक ठिकाणी सुरुवातीची मैनेची तारीफ गातात आणि थांबतात. कृपा करून तसं करू नका. पुढे मुंबई येते, कामगाराची परवड येते, आणि शेवटाकडे ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग होते. बेळगाव, कारवार, सगळं आहे त्यात. अर्धी गायली की ती नुसती विरहाची होऊन बसते आणि लिहिण्याचं कारणच गळून पडतं. गाणारा मिळाला नाही तर निवेदनात मोठ्यानं वाचा, पण पूर्ण.

माचीवरचा:
पूर्णच घेतो, शब्द. आमच्यातले काही म्हणतायत पोरांना धरून ठेवायला सुरुवातच 'झिंगाट'नं करा. पटतंय का?

औंधची_लेक:
सुरुवातीला नको. त्याच्यानंतर शारदा कोण ऐकेल? 'सैराट' (2016) घ्या, पण गाणं 'याड लागलं' घ्या. अजय-अतुलनी त्या सिनेमासाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिंफनीचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. बोली करमाळ्याकडची आणि मागे तो वाद्यमेळ, हे चांगल्या स्पीकरवर ऐकवा, मोबाइलला लावलेल्या डब्यावर नको.

डफ_तुणतुणं:
सहमत. क्रम असा बघा: शारदा, खाँसाहेब, बुगडी, गीतरामायण, मैना, पिंजरा, सैराट. मैनेनंतर पाच मिनिटं दूध वाटायला ठेवा, लगेच दुसरं गाणं लावू नका.

माचीवरचा:
हाच क्रम. मैनेसाठी कराड-वाळवा भागातला डफावर गाणारा कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मानधन वाचनालय देईल.