इंजिन माउंटचा मागचा बोल्ट आटे पकडत नाही

प्रश्न:
गाडीचे इंजिन आडवे बसवलेले असून पट्ट्याच्या बाजूचे माउंट (इंजिनाला चेसिसवर धरून ठेवणारा रबरी आधार) बदलत आहे. नवे माउंट जागेवर ठेवून वरचे दोन बोल्ट आवळले. परंतु इंजिन आणि चेसिस यांच्या सांदीतला तिसरा बोल्ट काही केल्या लागत नाही. तिथे जेमतेम दोन बोटे पोहोचतात, भोक दिसत नाही आणि सॉकेटमधला बोल्ट तोंडाशी जाऊन गळून पडतो. लांब एक्स्टेन्शन (सॉकेटची जोडदांडी) लावून जोराने फिरवून पाहावा का?

उत्तर १:
जोर मुळीच लावू नका. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचे असेल, तर त्यात तिरका शिरलेला पोलादी बोल्ट आटे खाऊन टाकतो आणि मग काम दुपटीने वाढते. वरचे बोल्ट आधी आवळले, हेच अडचणीचे मूळ दिसते. ते काही आट्यांवर राहतील इतपत ढिले करा, ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा देऊन जॅक अगदी किंचित वर-खाली करा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने भोके जुळतात का ते पाहा. भोके बोल्टने ओढून जुळवायची नसतात, इंजिन हलवून जुळवायची असतात. अवघड बोल्ट आधी हाताने लावावा, सोपे नंतर. इंजिन जॅकवर असताना बोटे सांदीत ठेवून जॅक हलवू नका, हे वेगळे सांगायला नकोच.

उत्तर २:
वरील क्रमाशी सहमत आहे. बोल्ट गळू नये म्हणून त्याच्या डोक्यावर चिकटपट्टीचा तुकडा ठेवून तो सॉकेटमध्ये दाबून बसवा. सुरुवातीला रॅचेट (सॉकेट फिरवायचा दांडा) न लावता एक्स्टेन्शन नुसते बोटांनी उलटे फिरवा. आट्याचे तोंड जुळताच बोल्ट किंचित खाली बसल्याचे जाणवते, आणि तेथून सुलटे फिरवले की तो सरळ शिरतो. खाली पडलेले बोल्ट मात्र आधी शोधून काढा. एखादा पट्ट्याजवळ अडकून राहिला, तर इंजिन सुरू करताच नुकसान होईल.

प्रश्नकर्ता:
इंजिन थोडे उचलताच बोल्ट हाताने शिरला. आता टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या आकड्याइतकाच आवळण्याचा पाना) तिथे सरळ बसत नाही. मधे युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकणारा जोड) लावला तर चालेल का?

उत्तर ३:
बोल्ट लावण्यापुरता चालेल, परंतु जॉइंट जितका वाकलेला, तितका रेंचवरील आकडा बेभरवशाचा. जागा असल्यास क्रोफूट पाना (रेंचच्या टोकाला लावायचे, बोल्टवर बाजूने बसणारे पान्याचे तोंड) रेंचशी ९० अंशांत लावा, म्हणजे आकडा बदलावा लागत नाही. तोच पाना सरळ पुढे काढला तर प्रभावी लांबी वाढते आणि बोल्ट ठरल्यापेक्षा जास्त आवळला जातो. दुरुस्ती-पुस्तिकेत सांगितले नसेल तर आट्यांना ग्रीस लावू नका, कारण घर्षण कमी झाल्याने त्याच आकड्याला बोल्टवर अधिक ताण येतो. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरण्याचे असतात, तेही पुस्तिकेत पाहून घ्या. शेवटचे आवळणे मात्र जॅक उतरवून, इंजिनाचा भार माउंटवर आल्यावर करणे मला योग्य वाटते. अन्यथा रबर पिळलेल्या अवस्थेत राहते, गाडी उभी असताना थरथर जाणवते आणि नवे माउंटही लवकर फाटते.