चावीशिवाय कुलूप उघडायचा छंद, सुरुवात कशी करू?

हातचलाख्या:
यूट्यूबवर कुलपं उघडायचे व्हिडिओ बघून बघून हात शिवशिवायला लागले म्हणून ऑनलाइन एक सेट मागवला. घरात जुनं गोदरेजचं नवताल कुलूप पडून होतं ते घेऊन बसलो, पण व्हिडिओत कशी टिक टिक करत एकेक पिन बसते तसं काहीच होत नाहीये, नुसतं आत खुळखुळतंय. सेट भंगार आहे की माझा हात? आणि हे घरात ठेवलं तर कायद्याचा काही लोचा नाही ना, आई सारखी विचारतेय.

खटपट्या:
सेटला शिव्या घालू नकोस, कुलपाची जातच वेगळी आहे. नवतालात पिना नसतातच, लिव्हर म्हणजे उचलायच्या पट्ट्या असतात. प्रत्येक लिव्हर ठराविक उंचीलाच उचलावा लागतो, कमी नाही आणि जास्तही नाही, त्याची हत्यारं वेगळी येतात आणि नवशिक्याने त्याच्या नादी लागूच नये. तुझा सेट पिनवाल्या कुलपाचा, म्हणजे ज्याची चावी चपटी आणि कडेला करवतीसारखे दाते असतात ते.

हार्डवेअरच्या दुकानातून दाराच्या कुलपाचा साधा सिलेंडर (चावी जाते तो गोल भाग) आण, खोल, आणि आत दोनच पिना ठेवून परत बसव. त्या जमल्या की तिसरी टाक. पारदर्शक प्लास्टिकवाली कुलपं मिळतात ती आत काय चाललंय ते बघण्यापुरती ठीक, त्यावर हात बसत नाही.

मेन गोष्ट म्हणजे सेटमधली वाकडी पट्टी, जिने कुलपाला पीळ द्यायचा, ती अगदी हलकी दाबायची. पिनांची भोकं कधीच शंभर टक्के एका रेषेत पाडलेली नसतात, त्यामुळे जरासा पीळ दिला की सगळ्यात आधी एकच पिन अडकते, ती सेटमधल्या आकडीने शोधून वर ढकलायची, टिक झालं की पुढची अडकलेली शोधायची. जोर लावलास की सगळ्याच जाम होतात आणि बोटांना काही कळत नाही. नव्वद टक्के लोक इथेच गंडतात.

काळा_कोट:
कायद्याचं सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ वाच. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार सापडलं तर ते कशासाठी बाळगलंय हे पटवून द्यायची जबाबदारी तुझ्यावर येते. रात्री नाक्यावर हवालदाराला छंद समजावत बसण्यापेक्षा सेट टेबलाच्या खणातच बरा, बाईकच्या डिकीत अजिबात नको.

शेजारचे_काका:
अजून एक, कुलूप स्वतःचं पाहिजे आणि वापरातलं नको. मुख्य दारावर प्रॅक्टिस करायला जाशील आणि आकडीचं टोक आत मोडलं तर चावीवाल्याला बोलवायला लागेल, वर बायको (तुझ्या केसमध्ये आई) बोलेल ते वेगळंच.

बाकी धीर धर. १८५१ साली लंडनमध्ये हॉब्स नावाच्या अमेरिकन माणसाने ब्रामा या कुलूप बनवणाऱ्या कंपनीचं कुलूप उघडलं, ज्याच्यावर २०० गिनींचं बक्षीस लावलेलं होतं, तर त्यालाही ५१ तास लागले, तेसुद्धा अनेक दिवसांत तुकड्या तुकड्याने.

हातचलाख्या:
अरे वा, म्हणजे हात वाचला 😄 उद्याच सिलेंडर आणतो. खटपट्यादादा, खोलताना स्प्रिंगा उडतात म्हणे?

खटपट्या:
उडतात तर! परातीत टॉवेल अंथर आणि त्यावर खोल, फॅन बंद करून. आणि कुठली पिन कुठल्या भोकातली ते ओळीने लावून ठेव, नाहीतर चावीनेपण उघडणार नाही.